कोनाड्यातले फुलपात्र

गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्या मुलीकडे जोहान्सबर्गला जाण्याचा योग आला. जावई तेथे नोकरीनिमित्त राहतात. परदेशी गेलेल्या आईवडिलांना मुले सामान्यतः बागा, धबधबे आणि मोठमोठी दुकाने दाखवतात. आमच्या मुलीने मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्हाला वर्णभेदाच्या संग्रहालयात नेले.

२००१ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात शिरताना प्रत्येकाच्या हाती एक तिकीट देतात. त्यावर कोणताही विचार न करता ‘गौरवर्णीय’ किंवा ‘गौरेतर’ असा शिक्का असतो आणि शिक्क्याप्रमाणे आत जाण्याचे दारही वेगळे असते. माझ्या तिकिटावर मी गोरा होतो, सौभाग्यवती गौरेतर. बेचाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच आम्ही दोघे दोन दारांनी एका घरात शिरलो. मध्ये लोखंडी जाळी होती आणि जाळीपलीकडून ती माझ्याकडे पाहत चालली होती. काही पावलांचाच तो खेळ, पण बाहेर आल्यावर ती म्हणाली, “तुम्ही एकदाही मागे वळून पाहिले नाहीत.” मी खरोखरच पाहिले नव्हते. ज्याला सरळ वाट मिळते त्याचे लक्ष पुढेच असते.

त्यानंतर सोवेटो. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला कृष्णवर्णीय मजुरांसाठी वसवलेल्या वस्त्यांचा हा समूह. ‘साउथ वेस्टर्न टाउनशिप्स’ या शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव पडले. शहराला त्यांचे श्रम हवे होते, शेजार नको होता. सारख्याच मापाच्या छोट्या घरांच्या रांगा पाहून मी विचारले, तेव्हा कळले की लोक त्यांना काड्यापेटीची घरे म्हणत. विम्कोच्या कारखान्यामुळे ज्याचे बालपण काड्यापेट्यांच्या गावात गेले, त्या आम्हा अंबरनाथकरांना ती उपमा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आम्हाला फिरवणाऱ्या बाई साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी विलाकाझी रस्त्यावरील मंडेलांचे लहानसे घर दाखवले. त्याच रस्त्यावर आर्चबिशप टुटू यांचेही घर आहे. नोबेल पारितोषिकाचे दोन मानकरी एकाच रस्त्यावरचे! पुढे हेक्टर पीटरसनच्या स्मारकापाशी त्या थांबल्या. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध शाळकरी मुले रस्त्यावर आली, पोलिसांनी गोळीबार केला आणि जेमतेम बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा त्यात गेला. “त्या दिवशी मीही गणवेशात होते,” बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. कोठे नळ होता, कोठून पोलिसांची गाडी आली, कोणत्या घरातील आजीने दार उघडून मुलांना आत घेतले, एवढेच त्या दाखवीत गेल्या.

निरोप घेताना त्यांनी आमचे गाव विचारले. मी सांगितले की मुंबईजवळ आमचे गाव आहे आणि शेजारीच निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले एक शहर आहे. “तेथे तुम्हाला कोणी फिरवले?” त्यांनी विचारले. मी हसून म्हणालो, “मी पन्नास वर्षे तेथे जातो आहे.” त्या म्हणाल्या, “ते खरेदीसाठी. मी विचारते आहे की तुम्हाला कोणी फिरवले का?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

परतण्यापूर्वी आणखी एक जागा पाहिली, आणि व्यापारी घरातील माणूस म्हणून ती मनात अधिक खोल रुतली. जोहान्सबर्गमध्ये फिएटास नावाची एक जुनी वस्ती होती. तेथील चौदाव्या रस्त्यावर भारतीयांची कापडाची, किराणाची, शिवणकामाची दुकाने ओळीने होती. दुकान खाली, घर वर, आणि गिऱ्हाईक सर्व वर्णांचे. १९५० च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कोठे राहावे आणि कोठे व्यापार करावा हे सरकार ठरवू लागले. पुढे ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव झाली. कुटुंबांना सुमारे तीस किलोमीटर दूर लेनेशियात पाठवले आणि व्यापाऱ्यांसाठी सत्तरच्या दशकात ओरिएंटल प्लाझा नावाचा बाजार बांधून दिला. पेढीची जागा म्हणजे चार भिंती नव्हेत, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तिसऱ्या पिढीचे गिऱ्हाईक, उधारीची वही, कोपऱ्यावरचा ओटा, “तुमच्या वडिलांच्या वेळेपासून” हे शब्द यांची नुकसानभरपाई कोणत्या सरकारी कागदावर मिळते? प्रिटोरियात नाना सीता नावाच्या गांधीवादी व्यापाऱ्याने आपले घर सोडण्यास नकार दिला आणि त्यासाठी उतारवयात पुन्हापुन्हा तुरुंगवास पत्करला.

१९५० हे वर्ष माझ्या मनातून जाईना. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. एक देश माणसामाणसांत भिंती घालणारा कायदा करीत होता, त्याच वर्षी दुसरा देश त्या पाडणारा. याचा अभिमान बाळगूनच मी विमानात बसलो. तो अभिमान घरी पोहोचल्यावर फार दिवस टिकला नाही.

आमचे भांड्यांचे दुकान अंबरनाथ पूर्वेला आहे. गावात बाहेरचे पाहुणे येतात ते शिवमंदिरासाठी. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलालेख असलेले ते शिलाहारकालीन मंदिर पाहावयास अभ्यासकांचे गट येतात, कोणी माहिती सांगतो, सारे माना उंचावून शिल्पे पाहतात. नऊशे वर्षांपूर्वीचा इतिहास समजून घेण्याची आपली तयारी असते. पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा इतिहास मात्र रेल्वेने एका स्थानकावर असूनही आपण त्याला ‘कॅम्प’ म्हणतो आणि जीन्स, फर्निचर वा लग्नाच्या कापडाची खरेदी आटोपून परततो.

म्हणून डिसेंबरातील एका रविवारी मी आमच्या व्यवहारातील एका वृद्ध सिंधी कापड व्यापाऱ्यांना विनंती केली की त्यांनी आम्हाला फिरवावे. त्यांना सारे दादा म्हणतात. वय त्र्याऐंशी, मराठी उत्तम. वडिलांच्या काळापासूनचा संबंध. पण व्यवहाराव्यतिरिक्त मी त्यांना काही विचारल्याचे मला आठवत नाही. माझी दोन नातवंडे, शेजारची मुले आणि आम्ही काही मोठी माणसे, असे अकराजण उल्हासनगर स्थानकाबाहेर सकाळी आठ वाजता जमलो.

दादांनी प्रथम आम्हाला पत्ता वाचायला शिकवले. येथील घरांच्या पत्त्यांत अजून बॅरेक क्रमांक, ब्लॉक, सेक्शन असे शब्द येतात. मुलांना ते गमतीचे वाटले. “हे शब्द लष्कराचे आहेत,” दादा म्हणाले. “आम्ही राहायला आलो ते सैनिकांच्या जागेत.” दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली होती. युद्ध संपले, सैनिक गेले आणि रिकाम्या बॅरेकींत फाळणीने उखडलेली माणसे येऊन पडली. सिंधमधून आलेल्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पाच कॅम्पांची नावे त्या छावणीच्या विभागांवरून पडली आणि आजतागायत तीच राहिली.

दादांचे वडील शिकारपूरचे. शिकारपुरी सराफांची हुंडी एके काळी बुखाऱ्यापर्यंत वटत असे, हे मी वाचले होते. तशाच एका पेढीचा वारस माझ्या शेजारी चालत होता, हे ठाऊक नव्हते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि जे कुंपणावर होते तेही निघाले. कराचीहून आगबोटीने मुंबई, तेथून रेल्वेने कल्याण. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. पेढीच्या किल्ल्यांचा जुडगा वडिलांनी बरोबर आणला होता. कुलपे तिकडे, किल्ल्या इकडे! तो जुडगा कित्येक वर्षे खुंटीला होता, असे ते म्हणाले.

एका आतल्या गल्लीत जुन्या बॅरेकीचा एक तुकडा अजून उभा आहे. दोन्ही बाजूंना चारमजली इमारती, मध्ये उतरत्या छपराची ती बसकी भिंत. दादांनी हाताने हवेत रेघा ओढल्या. “येथून येथपर्यंत आम्ही. येथून पुढे दुसरे कुटुंब. मध्ये गोणपाट आणि आईची जुनी ओढणी. पलीकडच्या घरात मूल रडले की आमची झोप मोडे, आणि आमच्याकडे वरण फोडणीला पडले की त्यांना कळे.” मग ते दोन इमारतींमधल्या दुचाकींच्या गर्दीकडे वळले. “येथे नळ होता. पहाटे तीनपासून रांग. माझे शिक्षण या रांगेत झाले. पाढे येथेच पाठ केले.”

न दिसणाऱ्या नळाकडे आम्ही अकराजण पाहत उभे होतो. सोवेटोतल्या बाईंची मला आठवण झाली.

आपण दोन्हींची सरमिसळ करू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. सोवेटो हे माणसांना दूर ठेवण्यासाठी त्यांच्याच देशातील सत्तेने वसवले. कॅम्प हा घर हरवलेल्यांना आसरा म्हणून दिला गेला. तेथे बाहेर पडण्यास परवाना लागे. येथे माणूस बाहेर पडून काहीही करण्यास मोकळा होता, आणि त्याने ते केले. दादांचे वडील, बुखाऱ्याशी व्यवहार असलेल्या घराण्यातले, लोकलच्या डब्यात लिमलेटच्या गोळ्या विकू लागले. माझ्या नातवाने विचारले, “त्यांना लाज नाही वाटली?” दादा म्हणाले, “बेटा, पहिले वर्ष भुकेचे होते. लाज वाटायला दुसरे वर्ष उजाडावे लागले. तोपर्यंत कापडाची गाठोडी खांद्यावर आली होती.”

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. लोकांनी शाळा काढल्या, महाविद्यालये उभारली, झुलेलालाची मंदिरे बांधली. चालिहोचे चाळीस दिवसांचे व्रत येथे आजही निष्ठेने पाळतात. सिंधी भाषेला स्वतःचे राज्य नव्हते, तरी १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थान मिळाले. “आमचा प्रांत पुस्तकाच्या त्या पानावर आहे,” असे दादा म्हणाले. त्यांच्या नातवंडांना मात्र ती लिपी वाचता येत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

आणि आपण काय केले? ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी स्वतः गल्ल्यावर बसून कितीदा सांगितला असेल. हलक्या मालाला ‘कॅम्पचा माल’ म्हणण्याची आमच्या बाजारात रीतच होती. त्याच बाजारातून आम्ही माल उचलत होतो, त्याच मालावर आमचा नफा होता.

फिरून झाल्यावर दादांच्या घरी आम्ही बसलो. पापड आले. दादा म्हणाले, “बॅरेकीतल्या सगळ्या बायका पापड लाटत. खाटा उलट्या करून त्यांवर वाळत घालत. माझी आई टोपली घेऊन अंबरनाथला चालत जाई.”

“अंबरनाथला कोठे?” मी विचारले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

“स्टेशनच्या पूर्वेकडच्या आळ्यांत.”

मला आमची ओसरी दिसली. मी सात-आठ वर्षांचा असेन. दुपारी एक उंच, गोरी बाई टोपली घेऊन येई. आजी तिच्याशी मायेने बोले, भावात घासाघीस करीत नसे, सणाला तिच्या हातावर गूळ ठेवी. तिने पाणी मागितले की आजी मला कोनाड्याकडे खूण करी. त्या कोनाड्यात एक पितळी फुलपात्र पालथे घातलेले असे. त्यात वरून पाणी ओतायचे, फुलपात्राला तांब्या लागू द्यायचा नाही. बाई पाणी पिऊन ते स्वतःच विसळून पुन्हा पालथे घाली. ते घरात आत येत नसे. ज्यांच्या दुकानात शेकड्यांनी फुलपात्रे मांडलेली होती आणि विकताना त्यांतून पाणी कोण पिणार हे कोणी कधी विचारले नव्हते, त्या आमच्या घरात हे एक फुलपात्र मोजून वेगळे होते. आजी दुष्ट नव्हती. ती मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारी होती. म्हणूनच ही आठवण मला अधिक बोचते.

ती बाई दादांचीच आई होती का, हे कळण्यास मार्ग नाही. अनेकजणी येत असत. पण मी ही गोष्ट तेथे, नातवंडांसमोर, सांगितली. सांगून झाल्यावर हात जोडले. खोलीत कोणी बोलेना.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सेठ, आई घरी येऊन सांगायची की अमक्या घरी पाणी चांगले गार मिळते. फुलपात्राचे ती कधी बोलली नाही.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “आमच्या बॅरेकीमागे सार्वजनिक संडास होते. ते साफ करायला एक माणूस येई. त्याच्यासाठी आईने डालड्याचा रिकामा डबा ठेवला होता. तो आमच्या दारात येऊन हाक मारी आणि आई लांबून त्या डब्यात पाणी ओती. आमचे घर, गाव सगळे गेले होते. डबा मात्र आम्ही आल्याआल्या ठेवला. त्या माणसाची क्षमा मागायला मी कोठे जाऊ?”

महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले ते २० मार्च १९२७ रोजी. घटना आली १९५० मध्ये. आणि १९६४ च्या सुमारास आमच्या ओसरीवर ते फुलपात्र होते, चार किलोमीटरवर तो डबा होता. दक्षिण आफ्रिकेत कायद्याने दोन दारे केली होती. आपण कायद्याने दारे एक केली आणि भांडी दोन ठेवली.

येथे हा लेख संपला असता तर मला बरे वाटले असते. जुन्या पिढीची चूक सांगून हात जोडणे फारसे कठीण नसते. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण आजी नव्हती.

बदलापूरला आमच्या मुलाची सदनिका आहे. त्या सोसायटीच्या समितीवर मी आहे. तीन वर्षांपूर्वी एक शिक्षिका तेथे भाड्याने जागा पाहण्यास आल्या होत्या. एकट्या राहणार होत्या, वागणे शालीन, कागदपत्रे पूर्ण. अर्जावर त्यांचे आडनाव आणि मूळ गाव होते. समितीत दोन मिनिटे कुजबुज झाली आणि “जागा दुसऱ्यास दिली गेली” असे त्यांना कळवण्याचे ठरले. जागा पुढे दोन महिने रिकामी होती. त्या पत्रावर सही माझी आहे. मी मागे वळून पाहिले नव्हते.

जानेवारीतील सभेत मी हा विषय काढला. सभा शांतपणे झाली असे म्हणता येणार नाही. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणाले, “आपल्या आहाराचे, आचाराचे काय? मुलांवर परिणाम होणार नाही का?” त्यांची चिंता खोटी नाही, ती माझ्याही घरात आहे. मी एवढेच म्हणालो की माझा नियम मी घेतलेला आहे, तो मी पाळीन. पण तो शेजाऱ्याकडून भाड्यासारखा वसूल करण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि त्या बाईंना आपण आहाराविषयी विचारलेच नव्हते, आपण फक्त आडनाव वाचले होते. शेवटी अर्जातील जात आणि मूळ प्रांत यांचे रकाने काढावेत, हा ठराव दोन मतांनी संमत झाला. बाकीचे प्रश्न पुढील सभेवर गेले. काहीजण अजून माझ्याशी तुटकपणे बोलतात.

त्या शिक्षिकांचा पत्ता काढून आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. त्या शाळेला निघण्याच्या घाईत होत्या. मी कोण, कशासाठी आलो, हे सांगितले. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मला चांगले घर मिळाले आहे, काका. तुम्ही आलात, बरे केलेत. पण त्या दिवशी मी आईला फोन करून जागा पसंत पडल्याचे सांगून बसले होते.” एवढे बोलून त्यांनी कुलूप लावले. आम्ही जिन्याने त्यांच्या मागोमाग उतरलो. क्षमा मागणे आपल्या हाती असते. ती मिळण्याचा दिवस दुसऱ्याने ठरवायचा असतो.

दादांनी आणखी दोनदा मुलांना कॅम्पात फिरवले आहे. आता त्यांची नातसून त्यांच्यासोबत येते आणि ते जे सांगतात ते लिहून घेते. बॅरेकीचा तो तुकडा फार दिवस राहील असे वाटत नाही. तेथेही इमारत होणार, आणि व्हावी; तेथील लोकांनीही चांगल्या घरात का राहू नये? पण नळ कोठे होता, हे कोणालातरी ठाऊक असले पाहिजे.

वाचकांपैकी पुष्कळांचा व्यापार अशा वसाहतींशी आहे. पुण्याजवळ पिंपरीचा कॅम्प आहे. कोल्हापूरकर बांधव कापडासाठी गांधीनगरला जातात. त्या परिसरात, वळिवड्याला, महायुद्धाच्या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती आणि ते गेल्यावर सिंधी कुटुंबे तेथे आली, हे किती जणांस ठाऊक असेल? पुढच्या खेपेस बिल चुकते झाल्यावर दुकानातल्या वृद्धांपाशी थोडे बसावे आणि “आम्हाला फिरवाल का?” असे विचारावे. मुलांना बरोबर न्यावे. तेथे आपल्याविषयी काही ऐकावे लागले तर तेही ऐकावे.

आजीचे फुलपात्र तिच्या पश्चात मोडीत गेले. आमच्याच दुकानात, आमच्याच तराजूवर ते वजन करून घातले गेले, आणि त्या वेळी कोणालाही त्याची ओळख पटली नाही. परवा नातीने मला विचारले, “आजोबा, आपल्या घरी आता वेगळे काही आहे का?” मी तिला म्हणालो, “आपण दोघे मिळून शोधू.” आम्ही शोधत आहोत. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूस, कामवाल्या मावशींच्या चहाचा एक कान तुटलेला कप पहिल्याच दिवशी सापडला.